राखणीच्या कुत्र्याचे पिलू : त्यास खावयास काय व किती द्यावे

बैलाची वैरण, दुभत्या गाईचे आंबोण आणि पेरणीचे बियाणे यांचा विचार आपण शेतकरी लोक बारकाईने करतो. परंतु ज्या जनावराच्या भरवशावर आपण मळ्यात वेचलेला कापूस, खळ्यावरील मका आणि दावणीची गुरे ठेवून रात्री निर्धास्त निजतो, त्या कुत्र्याच्या आहाराचा विचार ‘उरेल तो तुकडा’ एवढ्यावर आटोपतो. वाढ पुरी झालेल्या कुत्र्याचे त्यावर कसेबसे भागते. पिलाचे मात्र भागत नाही, आणि याचा परिणाम पुढे त्या जनावराच्या सबंध आयुष्यभर दिसत राहतो.

आपल्या अमळनेर भागात कुत्र्यांची वीण बहुधा हिवाळ्याच्या तोंडी होते. चार-पाच आठवड्यांचे गुबगुबीत पिलू कोणीतरी मळ्यात आणून बांधतो. त्यास घोटभर पाणी घातलेले दूध आणि भाजीच्या रश्श्यात भिजविलेली भाकरी मिळू लागते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याचे पोट नगाऱ्यासारखे होते, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात आणि चालताना ते मागून ओढल्यासारखे चालते. मग ‘पिलाचे वाणच वाईट’ असा निकाल दिला जातो. वास्तविक पाहता, बहुतेक वेळा दोष वाणाचा नसून ताटाचा असतो. रानडुकरांच्या मागे धावणारे कुत्रे हवे असेल, तर ते पहिल्या सहा महिन्यांतच घडवावे लागते. नंतर कितीही खाऊ घातले तरी वाकलेले हाड पुरतेपणी सरळ होत नाही.

या लेखाचे तात्पर्य आरंभीच सांगून ठेवतो. भाकरीने पिलाचे पोट भरते, पण भाकरीने त्याची हाडे होत नाहीत. भाकरी काढून टाकावयाची नाही. तिच्या जोडीस काय द्यावे, एवढेच शिकावयाचे आहे.

भाकरी कुत्र्यास मानवते काय ?

कुत्रा हा लांडग्याच्या वंशाचा, म्हणून त्यास केवळ मांसच द्यावे, असे काही शहरवासी गृहस्थ सांगतात. हे खरे नाही. स्वीडनमधील उप्सला येथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली लांडगा व कुत्रा यांच्या आनुवंशिक घटकांची तुलना करून असे दाखविले की, पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती कुत्र्यामध्ये लांडग्यापेक्षा पुष्कळच वाढलेली आहे. हजारो वर्षे मनुष्याच्या दारी राहून त्याच्या धान्यावर वाढल्याचा हा परिणाम होय. तेव्हा नीट शिजलेली ज्वारी-बाजरी कुत्र्यास पचते, यात संशय नाही. प्रश्न आहे तो एवढाच की, तीत वाढीस लागणारी सर्व द्रव्ये आहेत किंवा नाहीत.

याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी लंडन येथे मिळाले, आणि तेही कुत्र्याच्या पिलांवरूनच. त्या काळी इंग्लंडातील गरीब वस्तीत मुडदूस या रोगाने असंख्य मुलांचे पाय वाकत. एडवर्ड मेलनबी या वैद्याने पिलांना ओटाची लापशी, पाव असे धान्याचे अन्न व बेताचे दूध देऊन घरात कोंडून वाढविले. काही महिन्यांत पिलांच्या हाडांत मुडदूस स्पष्ट दिसू लागला. ज्या पिलांच्या अन्नात माशाच्या यकृताचे तेल होते, ती मात्र निरोगी राहिली. हे संशोधन त्याने १९१९ साली प्रसिद्ध केले. पुढे अशा तेलातील गुणकारी द्रव्यास ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव पडले. धान्याचे प्रमाण जितके अधिक, तितका रोग बळावतो, हेही मेलनबीने दाखविले. त्याचे कारण असे की, धान्याच्या टरफलात फायटिक नावाचे एक आम्ल असते. ते अन्नातील कॅल्शियम बांधून ठेवते व शरीरास मिळू देत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मनुष्याच्या अंगावर ऊन पडले की त्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. कुत्र्याच्या कातडीत ते फारच थोडे होते. म्हणून ‘आमचे पिलू दिवसभर उन्हातच असते’ हे उत्तर पुरेसे नाही. त्याला ते द्रव्य अन्नातूनच मिळाले पाहिजे, आणि ते अंड्याच्या बलकात, माशात व यकृतात असते.

जमाखर्चाचा हिशेब

आता थोडा हिशेब मांडू. वाढ पुरी झाल्यावर सुमारे १८ किलो भरणाऱ्या गावठी जातीचे पिलू दोन महिन्यांचे असताना सुमारे साडेतीन किलो वजनाचे असते. त्यास दररोज सुमारे ५५० उष्मांक लागतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३४० उष्मांक असतात. म्हणजे १६० ग्रॅम पिठाच्या भाकरीने त्याची भूक भागेल. परंतु या १६० ग्रॅम पिठात प्रथिने सुमारे १६ ग्रॅम आहेत, आणि पिलाची गरज आहे किमान २५ ग्रॅमची. कॅल्शियमची स्थिती तर याहून शोचनीय आहे. या पिठात ते अवघे ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. पिलास हवे असते सुमारे १,२०० मिलिग्रॅम. म्हणजे रुपयाला साडेतीन पैसे भरणा झाला ! अशा खात्यावर थकबाकी राहणार, आणि शरीर ती थकबाकी हाडांतून वसूल करणार, हे उघड आहे. बाजरीत कॅल्शियम ज्वारीहून थोडे अधिक आणि नाचणीत दसपटीहून अधिक असते. पण त्यांच्या टरफलातही ते आम्ल असल्यामुळे केवळ धान्यावर विसंबता येत नाही.

नुसत्या मांसाचीही तीच गत आहे. मांसात प्रथिने विपुल असतात, परंतु हाडावाचून दिलेल्या मांसात फॉस्फरस फार व कॅल्शियम नाममात्र असते. त्यामुळे खाटकाकडील नुसत्या मांसावर वाढविलेले पिलूही पायाने अधू होते.

दुसरा हिशेब भुकेचा आहे. चार महिन्यांचे पिलू सुमारे आठ किलोचे असते; म्हणजे आईच्या निम्म्याहूनही हलके. तरीही त्यास दररोज ८५० ते ९०० उष्मांक लागतात, आणि १८ किलोच्या त्याच्या आईस सुमारे ९५० ते १,००० पुरतात. लहान तोंड म्हणून लहान तुकडा, हा आपला नेहमीचा न्याय येथे सर्वस्वी चुकीचा ठरतो.

वयाप्रमाणे आहार

जन्मापासून तीन आठवडे. या काळात पिलाचा आहार म्हणजे त्याच्या आईचा आहार होय. पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येक पिलाच्या पोटात गेलाच पाहिजे, कारण रोगाशी झगडण्याचे बळ त्यातूनच मिळते. पिले तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत आईच्या दुधावरील भार वाढत जातो व तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. व्यालेल्या कुत्रीस दोन वेळा पोटभर अन्न, ताक-दूध व भरपूर पाणी द्यावे.

आई दगावली तर गाईच्या दुधावर पिले वाढवावी लागतात. येथे बहुतेक ठिकाणी दुधात पाणी घालण्याची चूक होते. कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात. त्यात पाणी घातले म्हणजे पिलू पोट भरूनही उपाशीच राहते. म्हशीचे निर्भेळ दूध त्या मानाने जवळचे. त्यात अंड्याचा बलक फेटून कोमट करून, दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजावे. पाजताना पिलास उताणे धरू नये, पोटावरच ठेवावे. नाही तर दूध श्वासनलिकेत जाते. पाजल्यावर ओल्या फडक्याने त्याच्या पोटाचा खालचा भाग पुसावा, म्हणजे मलमूत्र होते. हे काम एरवी आई जिभेने करते.

तीन ते आठ आठवडे. या काळात आईच्या दुधाच्या जोडीस पातळ अन्न सुरू करावे. ज्वारीच्या पिठाची दुधात शिजविलेली पातळ लापशी, किंवा पीठ ताकात रात्रभर आंबवून सकाळी शिजविलेली आंबील उथळ ताटलीत द्यावी. आंबविल्याने धान्यातील वर सांगितलेले आम्ल कमी होते. म्हणून आपली आंबील या कामी फार उपयोगी आहे. ती बिनमिठाची असावी. पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. चौथ्या आठवड्यात आणलेले पिलू लवकर माणसाळते, हा समज सोडून द्यावा. ते लवकर आजारी पडते, एवढेच खरे.

दोन ते चार महिने. दररोज चार वेळा खावयास द्यावे. साडेतीन-चार किलोच्या पिलास दिवसाचा शिधा येणेप्रमाणे असावा : ज्वारी किंवा बाजरीचे पीठ ७० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी-पाऊण भाकरी, गाईचे दूध किंवा त्याचे दही-ताक पाव लिटर, एक शिजविलेले अंडे, आणि मूग किंवा तुरीची डाळ २० ग्रॅम, गाळ होईपर्यंत शिजवून. यात पाव लहान चमचा अंड्याच्या कवचाची पूड मिसळावी. ज्या पिलास दुधाने पातळ शौच होते, त्यास दूध बंद करून दही किंवा घट्ट ताक द्यावे. ते सहसा बाधत नाही.

चार ते सहा महिने. वेळा तीन कराव्यात व शिधा वाढवीत न्यावा. आठ किलोच्या पिलास पीठ १३० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, एक अंडे, डाळ ३० ग्रॅम, लहान चमचाभर गोडे तेल आणि कवचाची पूड अर्धा चमचा असा शिधा द्यावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा थोडे शिजविलेले मांस किंवा तापी-बोरीतील लहान मासे, त्यांचे काटे मऊ होईपर्यंत शिजवून दिल्यास उत्तमच.

सहा महिने ते वर्ष. दोन वेळा द्यावे. हाडांची मुख्य वाढ आता होत आलेली असते. त्यामुळे भाकरीचे प्रमाण वाढविले तरी चालते. वर्ष पुरे झाल्यावर मोठ्या कुत्र्याचा आहार सुरू करावा. मात्र त्यातही ताक-दही व डाळ अजिबात तोडू नये.

कवचाची पूड करण्याची रीत सोपी आहे. अंड्यांची कवचे धुऊन, उकळून, वाळवून, तव्यावर भाजून वस्त्रगाळ वाटावीत. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. गुणकारी म्हणून वाटीभर घालू नये. सहा महिन्यांच्या आतील पिलास जास्तीचे कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही व त्यानेही हाडे बिघडतात. हे विशेषतः लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या बाबतीत खरे आहे. बाजारातील तयार श्वानखाद्य पिलांकरिता म्हणून बनविलेले असेल तर त्यात कॅल्शियम आधीच घातलेले असते. त्यावर ही पूड मुळीच देऊ नये.

सखाराम महाराजांच्या या गावी माळकरी घरे पुष्कळ आहेत, व त्यांच्याकडे अंडे येत नाही. अशा घरांनी कळणाच्या भाकरीचा उपयोग करावा. ज्वारीबरोबर उडीद दळल्याने प्रथिनांची उणीव बरीच भरून निघते. फक्त पिलाच्या वाट्याच्या कळणात मीठ घालू नये. दही व ताक यांचे प्रमाण वाढवावे, आणि कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व यांचे औषध पशुवैद्यांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या मापानेच द्यावे.

प्रमाण बरोबर आहे हे कसे ओळखावे ?

वर दिलेले आकडे हे अंदाजपत्रक आहे. प्रत्यक्ष पीक पाहिल्यावाचून जशी आणेवारी ठरत नाही, तसे पिलाकडे पाहिल्यावाचून शिध्याचे माप ठरत नाही. एक लहानशी वही करावी व दर आठवड्यास पिलू थैलीत घालून काट्यास टांगून वजन लिहून ठेवावे. वजन दर आठवड्यास वाढत गेले पाहिजे. एखाद्या आठवड्यास ते थांबले तर शिधा किंवा प्रकृती यांपैकी एकाची चौकशी करावी.

दुसरी खूण फासळ्यांची. बरगडीवरून बोटे फिरविली असता फासळ्या सहज लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. वरून पाहिले असता कमर किंचित आत गेलेली असावी. कारवान जातीच्या कुत्र्यास हा नियम जसाच्या तसा लावू नये. हा शिकारी वाण, ज्याचे मुधोळ या नावाने २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले, मुळातच सडपातळ असून त्याच्या मागील दोन-तीन फासळ्या निरोगी स्थितीतही दिसतात.

तिसरी खूण शौचाची. घट्ट, बांधलेले शौच म्हणजे अन्न पचते आहे. पातळ शौच म्हणजे एकाच वेळी फार दिले किंवा अन्न बदलले. अन्नातील कोणताही बदल सहा-सात दिवसांत थोडा थोडा करावा. ताटली पंधरा-वीस मिनिटांनी उचलावी. आपल्याकडील चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत दुधाचे अन्न तासाभरात नासते. उन्हाळ्यात मुख्य जेवण सूर्योदयाआधी व सूर्यास्तानंतर द्यावे, आणि सावलीत मातीच्या भांड्यात पाणी अष्टौप्रहर असावे.

काय देऊ नये

आपल्या खानदेशी रश्श्यात कांदा, लसूण, तिखट व तेल भरपूर असते. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजविल्याने हा दोष जात नाही. एखाद्या घासाने काही होणार नाही, पण रोज रश्श्यात कुस्करलेली भाकरी पिलास रक्तहीन करू शकते. भाकरी ताकात, वरणाच्या बिनफोडणीच्या पाण्यात किंवा दुधात कुस्करावी. द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही कुत्र्यास विषारी आहेत. मुलांस हे आवर्जून सांगावे. शिजविलेल्या कोंबडीच्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतडे फाटते; ती देऊ नयेत.

कापसाच्या मुलखात एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, ती म्हणजे सरकी व सरकीची ढेप. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठ्या गुरांच्या चार कप्प्यांच्या पोटात त्याचा जोर बराच मोडतो, म्हणून म्हशीस ढेप मानवते. कुत्र्यास ती शक्ती नाही. वारंवार खाल्ल्यास त्याचे हृदय बिघडते. गोठ्यात बांधलेले पिलू गव्हाणीत तोंड घालते, तेव्हा ‘खाऊ दे, पौष्टिकच आहे’ असे म्हणू नये.

तसाच बुरशी आलेला मका व भुईमूग. गुरांसही नको म्हणून बाजूला टाकलेले धान्य पुष्कळदा कुत्र्याच्या वाट्यास येते. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा नाश करते आणि कुत्रा त्यास फार लवकर बळी पडतो. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस हे विष प्रमाणाबाहेर असलेले कारखानी श्वानखाद्य खाऊन शंभराहून अधिक कुत्री दगावल्याच्या तक्रारी तेथील सरकारी खात्याकडे नोंदल्या गेल्या. तेव्हा जे धान्य आपण स्वतः खाणार नाही, ते पिलासही घालू नये.

धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन आपल्या शेतात बसावयास येतात. त्यांच्याकडील पिलास आपल्याकडे मोठी मागणी असते. मेंढी कापली किंवा मेली असता तिचे कच्चे काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकण्याची रीत मात्र सर्वांनीच सोडली पाहिजे. त्यातील पाण्याच्या गाठींमधून एक बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात व फुप्फुसात मोठ्या गाठी होतात. असे अवयव खोल पुरावेत.

दिलेले अन्न कोणाच्या अंगी लागते ?

उत्तम शिधा देऊनही पिलू खंगत असेल व पोट मात्र फुगलेले असेल, तर अन्न जंत खात आहेत असे समजावे. गोल जंत पिलास आईच्या उदरातूनच, व पुढे तिच्या दुधातून मिळतात. त्यामुळे ‘अजून लहान आहे’ ही सबब चालत नाही. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यास आणि पुढे सहा महिने दरमहा, वजनाच्या प्रमाणात, पशुवैद्यांकडून जंताचे औषध द्यावे. हेच जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांसही बाधतात, म्हणून हा खर्च पिलाच्या नव्हे, घराच्या खाती लिहावा.

त्याचप्रमाणे सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो वगैरे रोगांची लस क्रमाने टोचून घ्यावी, आणि तीन महिने पुरे होताच पिसाळण्याची लस टोचून ती दरवर्षी चालू ठेवावी. लुई पाश्चर याने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलास १८८५ साली लस देऊन वाचविले; त्यास आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. तरीही राखणीचे कुत्रे लसीवाचून राहावे, ही आपल्यास शोभणारी गोष्ट नाही.

हिशेब करून पाहिल्यास पिलाचा हा सर्व शिधा म्हणजे रोजचे पाव लिटर दूध, एक अंडे, मूठभर डाळ व भाकरी, यापलीकडे काही नाही. आणि तोही सहा महिन्यांपुरता. त्याच्या मोबदल्यात ते जनावर पुढील दहा-बारा वर्षे थंडी-वाऱ्यात आपल्या बांधावर जागते. ज्या बंधूंच्या मळ्यात यंदा नवे पिलू आले असेल, त्यांनी एवढे अवश्य करावे : उद्या त्याचे वजन करावे, त्याचे पुढचे पाय सरळ आहेत काय ते पाहावे, आणि त्याची भाकरी रश्श्याऐवजी ताकात कुस्करून द्यावी. पाय वाकू लागले असल्यास वाट न पाहता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. वाढीचे महिने शिल्लक आहेत तोवरच ते सुधारण्याची आशा असते.